आमचे कँडलपॉवर सर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागणारं पत्र आलं तेव्हा शाळेविषयी सगळ्या बाजूंनी लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि डोक्यात एकटे आपले फिजिक्सचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. जुन्या बॅचना 'कँडलपॉवर सर' म्हटलं की पुरे.

आमच्या वेळी पाठ्यपुस्तकात कँडेला, म्हणजे दिव्याच्या उजेडाची तीव्रता मोजायचं आजचं एकक, आला होता, पण प्रयोगशाळेच्या कपाटातली जुनी इंग्रजी पुस्तकं अजून कँडलपॉवरच, म्हणजे ठरावीक मेणबत्तीच्या उजेडाशी तुलना करायचं जुनं मापच, धरून बसली होती. सर दोन्ही वाचायला लावत. रूपांतराचं गणित घातलं की लगेच आकडा मांडू देत नसत. "दिवा कुठला? त्यात जळतंय काय? ते सांग, मग गुणाकार कर." त्यामुळे अजून पाठ आहे : लंडनचा १८६० चा गॅस कायदा, स्पर्म देवमाशाच्या मेणाची मेणबत्ती, पौंडात सहा बसणारी, तासाला १२० ग्रेन (जुनं इंग्रजी वजन) जळणारी. पॅरिसचा कार्सेल दिवा तासाला ४२ ग्रॅम तेल जाळणारा, आजच्या हिशोबाने पावणेदहा कँडेलाच्या आसपास. आणि १८८४ चा जर्मन हेफ्नर दिवा, अमिल अ‍ॅसिटेटवर चालणारा, ज्योत बरोब्बर ४० मिलिमीटर. हवेत दर घनमीटरला ८.८ लिटर पाण्याची वाफ असेल तेव्हाच हा दिवा प्रमाण मानायचा. दमट हवेत तो मंदावतो. आपल्या कोकणातल्या जुलैचा हिशोब सरांनी सूत्राने फळ्यावर करून दाखवला होता. "रुपयातले दोनेक आणे पावसातच गेले!" असं म्हणून स्वतःच हसले होते.

पण सांगायचंय ते स्नेहसंमेलनाचं. वीज भरवशाची नव्हती, म्हणून मंडपवाल्याकडून दोन गॅसबत्त्या आणल्या होत्या. एकीवर 'पाचशे सीपी', दुसरीवर 'पाचशे एचके'. रंगमंचावर कुठली टांगायची यावरून नाटकवाली पोरं आणि लेझीमवाली पोरं हातघाईवर आलेली. मंडपवाला म्हणाला, दोन्ही पाचशेच, भांडता कशाला? सर मेकअपच्या खोलीतून खडू घेऊनच आले. सीपी म्हणजे कँडलपॉवर, एचके म्हणजे हेफ्नरच्या मेणबत्त्या. १९०९ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून एक आंतरराष्ट्रीय कँडल ठरवली, जर्मनी मात्र हेफ्नरलाच चिकटून राहिला. दोघांचं नातं ०.९. तेव्हा पाचशे हेफ्नर म्हणजे साडेचारशे कँडल. भिंतीवर उत्तर लिहून झालं. कुणालाही वाटेल, संपलं. पण नाही. सरांनी भज्यांच्या कढईतलं थेंबभर तेल कागदावर टिपलं, दोन बत्त्यांच्या मध्ये तो कागद धरला आणि तेलाचा डाग दिसेनासा होईपर्यंत, म्हणजे दोन्हीकडून सारखा उजेड पडेपर्यंत, मागेपुढे सरकवत राहिले. अंतरांचे वर्ग काढले. साडेचारशेवाली बत्तीच जास्त उजेड देत होती! मग सीपीवालीला पंप मारायला लावला, पुन्हा डाग, पुन्हा वर्ग, आता तीच पुढे. "पाटीवरचा आकडा कारखान्यातला, इथला आकडा पंपातला," सर म्हणाले. प्रमुख पाहुणे खुर्चीत ताटकळत होते, नाटक उशिरा सुरू झालं, मोठे सर संतापले. आमच्या सरांना त्याचं काही नव्हतं. मला तर आजही वाटतं की त्या दिवशीचा सर्वोत्तम कार्यक्रम तोच झाला.

वर्गात एकदा त्यांनी विचारलं होतं, व्हायोल या फ्रेंच माणसाने १८८१ मध्ये उजेडाचं एकक म्हणून वितळत्या प्लॅटिनमचा एक चौरस सेंटिमीटर घेतला, तो वीस कँडेलाच्या जवळपास. १९४८ ची कँडेलाची व्याख्याही प्लॅटिनमवरच, तेच तापमान, तेवढाच चौरस सेंटिमीटर, पण ६० कँडेला. चाळीस कुठून आले? कुणालाच येईना. व्हायोलने उघडा, चकचकीत पृष्ठभाग धरला होता, तो उजेड हातचा राखून देतो. नंतरच्यांनी प्लॅटिनममध्ये बुडवलेल्या पोकळ नळीचं तोंड धरलं, तो कृष्ण पदार्थ, काही राखत नाही.

आता चाकणजवळ माझी गाड्यांचे दिवे तपासण्याची छोटी प्रयोगशाळा आहे. नव्या मुलांना मी सरांचेच प्रश्न विचारतो. एका मुलाने दिव्याच्या जुन्या आराखड्यावरचे आंतरराष्ट्रीय कँडल कँडेलात आणायला ०.९८१ ने गुणले, तसं तक्त्यात छापलेलंच होतं. पण जो कृष्ण पदार्थ आज ६० कँडेला, तोच पूर्वी ५८.९ कँडल भरायचा. म्हणजे जुनी कँडल मोठी, १.०२ ने गुणायचं. हेफ्नर तर ०.९० की ०.९२, हे ज्योतीच्या लालसर रंगाचा हिशोब कसा धरला यावर ठरतं. टॉर्चच्या जाहिरातीत 'दहा लाख कँडलपॉवर' वाचलं की सर काय म्हणाले असते ते ऐकूच येतं. आरशाने झोत एका जागी गोळा केला की तिथला आकडा फुगतो, दिव्याचा एकूण उजेड तेवढाच राहतो.

मागच्या वेळी आलो तेव्हा प्रकाशाची काळी खोली स्मार्ट क्लासरूम झालेली दिसली. भिंती पांढऱ्या, वर एलईडी पॅनेल. पोरांना अंधार मिळायचा कुठे, असं मी विचारलं, तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. असो. जुनी इंग्रजी पुस्तकं अजून त्या कपाटात असतील तर रद्दीत घालू नका. मला फोन करा, गाडी घेऊन येतो.