गोलानमधलं परमिट

फौजेत बारा वर्षं ड्रायव्हर होतो, लेहच्या घाटात ट्रक चालवला होता. तरी सीरिया आणि इस्रायलच्या मधल्या गोलान टेकड्यांवर पोचल्यावर परीक्षा द्यावी लागली ती गाडी चालवण्याचीच. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत त्यांचं परमिट मिळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावता येत नाही. निवड, मेडिकल, लसी, दिल्लीतलं ट्रेनिंग, सगळं सुरळीत झालं होतं. अडलं ते इथे.

स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. पहिल्या टेस्टला चौकात वळलो आणि सवयीने थेट समोरून येणाऱ्या लेनमध्ये घुसलो. नापास. फिजीचा एक सार्जंटही त्याच दिवशी, त्याच वळणावर नापास झाला. फिजीतही आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, हे मला तेव्हा कळलं.

मग रोज संध्याकाळी कॅम्पमधल्या मोकळ्या जागेत आमचा सराव सुरू झाला. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून "राइट, राइट" म्हणायचं. खरी भीती उजव्या चाकांची होती. ती आपल्यापासून लांब, नजरेआड, आणि बाहेरच्या रस्त्यांच्या कडेला भूसुरुंगांच्या पाट्या. चाक डांबरावरून खाली उतरवायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

सार्जंट मला "भैया" म्हणायचा. शब्द त्याच्या गावाशेजारच्या ऊसवाल्यांचा. 1879 पासून भारतातून फिजीला नेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावरच्या मजुरांचे ते वंशज.

फिजीची बटालियन पोस्ट सांभाळायची, आम्ही भारतीय रसद पोचवायचो. फिजीची अख्खी लोकसंख्या 9 लाखांच्या आसपास. आमच्या एका सातारा जिल्ह्यात 30 लाख माणसं. 1970 साली स्वतंत्र झालेल्या या देशाने 1978 मध्ये लेबनॉनला शांतिसेनेत बटालियन पाठवली आणि 2002 पर्यंत तिथे ठेवली. सार्जंटचे वडील तिथे होते. 18 एप्रिल 1996 ला काना गावातल्या फिजीच्या तळावर तोफगोळे पडले. आसऱ्याला आलेले शंभराहून जास्त गावकरी गेले. "वडील त्यावर घरी कधीच बोलले नाहीत," एवढंच तो म्हणाला. पुढे 2014 मध्ये याच गोलानवर त्यांचे 45 जवान बंडखोरांनी पकडले आणि दोन आठवड्यांनी सोडले. तरी त्यांची माणसं येतच राहिली. आमच्याकडे अपशिंगे गावात जशी घरटी फौज, तशी त्यांच्याकडे शांतिसेना. लहान देश म्हणून कुणी त्यांना हलक्यात घेतलं की मला अजूनही राग येतो.

पुढच्या टेस्टला दोघंही पास झालो. रात्री फिजीच्या जवानांनी मला कावा दिला, मुळांची पूड पाण्यात कालवलेला. करवंटी हातात घ्यायच्या आधी एक टाळी, एका दमात पिऊन झालं की तीन. जीभ बधिर झाली होती, पण दुसरी करवंटी नाकारावीशी वाटली नाही.

आठवड्याने पाण्याचा ट्रक घेऊन त्यांच्या पोस्टवर निघालो. शेवटच्या वळणाला पोस्टच्या गेटवर तोच उभा होता, उजवा हात लांब करून, मी पूर्ण वळेपर्यंत.