ही गोदावरी कोण?

गेली अकरा वर्षे मी नाशिकमधील लहान व्यावसायिकांना संकेतस्थळे तयार करून देते. या कामात माझा सर्वाधिक वेळ जातो तो पत्ता ठरवण्यात, म्हणजे ज्याला सगळे डोमेन म्हणतात ते नाव शोधण्यात. मागच्या श्रावणात भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या एका दुकानात अशाच एका नावासाठी मी सकाळी दहा वाजता जाऊन बसले, ती दुकान वाढवण्याच्या वेळेपर्यंत तिथेच होते.

दुकान चार पिढ्यांचे आहे. गल्ल्यावर काका बसतात, जुन्या भांड्यांची मोड घेणे आणि वजनकाटा मुलाकडे आहे, आणि ऑनलाइन विक्री सूनबाई, म्हणजे माझ्या वहिनी, पाहतात. ही विक्री सुरू झाली ती 2019 च्या ऑगस्टमधील पुरामुळे. गोदावरीचे पाणी भांडी बाजारात शिरले, दुकान बंद राहिले, आणि वरच्या मजल्यावर हलवलेल्या घंगाळांची आणि समयांची छायाचित्रे वहिनींनी ओळखीच्या लोकांना फोनवरून पाठवली. त्यातून पुण्याहून आणि नागपूरहून मागणी आली. पुढे एकाने त्यांना संकेतस्थळ करून दिले, पण डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवले आणि मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण केले नाही. मुदतीनंतर काही दिवस मूळ नोंदणीदाराला नाव परत मिळवता येते, परंतु नोंद दुकानाच्या नावावर नसल्यामुळे यांच्या हाती काहीच नव्हते. तो पत्ता छापलेल्या कापडी पिशव्यांचा गठ्ठा माळ्यावर तसाच पडून होता. वहिनींनी तो मला दाखवला, तेव्हा या वेळी घाई करायची नाही, असे मी मनाशी ठरवले.

वहिनींच्या मनात ‘कासार आळी’ होते. नाव ऐकायला गोड होते आणि घराण्याच्या व्यवसायाशी जुळणारेही होते. मी ते रोमन अक्षरांत कागदावर लिहिले आणि काहीही न सांगता शेजारच्या सराफाकडील मुनीमजींना वाचायला दिले. त्यांनी ‘कसराली’ असे वाचले आणि थोडे थांबून विचारले, “कसर म्हणजे खोट, तीच का?” के-ए-एस-ए-आर या पाच अक्षरांत कासारही आहे आणि कसरही आहे. डोमेनमध्ये शब्दांच्या मध्ये जागा सोडता येत नाही, लहान-मोठ्या लिपीचा भेद राहत नाही, आणि अक्षरे, आकडे व आडवी रेघ यांखेरीज काही चालत नाही. मग दोन शब्दांच्या मध्ये ती रेघच घालू, असे मुलाने सुचवले. मी त्याला बाहेर रस्त्यावर उभे राहून मला फोन करायला आणि तो पत्ता सांगायला लावले. “मध्ये डॅश, म्हणजे आडवी रेघ, खालची नाही, मधली” हे तीनदा सांगून झाल्यावर त्याने स्वतःहून तो विचार सोडला.

काकांचा प्रश्न साधा होता: “ताई, आपण मराठी माणसं, मग नाव मराठीतच का नको?” हा प्रश्न मला नेहमीच अस्वस्थ करतो, कारण त्याचे उत्तर माझ्या मनाविरुद्ध द्यावे लागते. 2014 पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी पत्त्याची सोय आहे. आपण देवनागरीत टाकलेले नाव पडद्यामागे एक्स आणि एन या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन मालिकेत बदलते आणि संकेतस्थळ व्यवस्थित उघडते. परंतु वहिनींच्या फोनवरील गिऱ्हाइकांचे जुने निरोप आम्ही एकत्र चाळले, तेव्हा बहुतेकांनी मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिलेली दिसली. ज्यांना विकायचे आहे त्यांची बोटे जिथे वळतात तिथेच पत्ता असायला हवा. देवनागरी नाव सोबत घेऊ, पण पिशवीवर छापायचे नाव रोमनच ठेवू, असे मी सांगितले. काकांनी मान हलवली, पण त्यांना ते आवडले नाही, आणि मलाही आवडले नव्हते.

मुलाने एका मोठ्या भांडी-विक्रेत्याच्या नावात एक अक्षर वाढवून पाहिले होते, तो कागद मी लगेच बाजूला ठेवला. व्यापारचिन्हाला मिळणारे संरक्षण डोमेन नावालाही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच स्पष्ट केले आहे. आणि कायद्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी चार पिढ्यांच्या दुकानाने दुसऱ्याच्या नावाच्या सावलीत का उभे राहावे?

दुपारी आम्ही खरी चाचणी सुरू केली. दुकानात येणाऱ्या माणसाला नाव एकदाच, लिहून न दाखवता, सांगायचे आणि इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायला सांगायचे. मला पत्ता कसा दिसतो यापेक्षा तो ऐकलेल्या माणसाच्या हातून कागदावर कसा उतरतो हे पाहायचे असते, कारण छोट्या दुकानाचे नाव जाहिरातीतून कमी आणि तोंडातून जास्त फिरते. ‘पंचवटी’चे चार जणांत तीन प्रकार झाले: कोणी मधला ए घातला, कोणी गाळला, आणि एकाने व्हीऐवजी डब्ल्यू लिहिला. ‘कळशी’चेही तसेच झाले. ‘हंडा’ मात्र सलग सहा जणांनी एकसारखा लिहिला: चहावाल्या मुलाने, कल्हई करणाऱ्या मामांनी, जळगावहून आलेल्या एका जोडप्यानेसुद्धा. ‘हंडाघर’ असे नाव जवळजवळ ठरलेच होते; मी ते मोकळे असल्याचेही पाहून ठेवले होते.

सातवी आली ती महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, आईबरोबर बहिणीच्या रुखवताची भांडी घ्यायला. तिने हंडा लिहिताना ए ऐवजी यू लिहिला. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले, आणि इंग्रजीत ‘कट’, ‘सन’ यांतला अ यूनेच लिहितात, त्यामुळे तिच्या दृष्टीने ते बरोबरच होते. काकांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली, मोठ्याने ‘हुंडाघर’ असे वाचले, आणि दुकानात कोणी काही बोलेना. त्या मुलीच्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. लग्नाची भांडी विकणाऱ्या दुकानाच्या नावातून सातात एकाला हुंडा दिसणार असेल, तर ते नाव कितीही सोपे असले तरी घेता येत नाही. काकांनी ती चिठ्ठी फाडली.

त्यानंतर मी शब्द शोधण्याची दिशा बदलली. आपल्याकडे काही शब्दांचे रोमन लेखन प्रत्येकाच्या हातात आधीपासून घोटलेले असते: शाळेच्या हजेरीपटावरची आडनावे, नकाशातल्या नद्या, रेल्वे स्थानकांवरच्या पाट्या. बाकीच्या मराठी शब्दांना रोमनमध्ये ठरलेले असे स्पेलिंगच नाही. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल एकाच अक्षरात कोंबले जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घ ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहते. खुद्द आपल्या शहराच्या नावात एच घालणारे आणि न घालणारे असे दोन पक्ष आजही आहेत. म्हणून आधीच रूढ असलेलेच शब्द घ्यायचे ठरवले. तांबे हा धातू आहे आणि सगळ्यांना परिचित असलेले आडनावही आहे. त्याच्या आधी काय लावावे, हे वहिनी बोलून गेल्या: “गोदावरी.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. जी नदी दुकानात शिरली तिचेच नाव दुकानाला द्यायचे का, असे मीच शेवटी विचारले. ते म्हणाले, “तिच्याच काठावर चार पिढ्या जेवल्या. पाणी काय, येतं आणि जातं.” मुलाला वेगळी शंका होती: हे तर एखाद्या बाईचे नाव वाटेल. मला ती शंका ऐकून आनंद झाला, कारण माणूस दुकानापेक्षा माणसाचे नाव लवकर लक्षात ठेवतो, आणि समई-घंगाळांच्या दुकानाला एका जुन्या वळणाच्या बाईचे नाव शोभूनही दिसते.

पुन्हा सात जण, पुन्हा सात चिठ्ठ्या. तांबे सर्वांनी एकसारखे लिहिले, गोदावरीत एकाने डब्ल्यू घातला. तो डब्ल्यूचा पत्ताही विकत घेऊन मूळ पत्त्याकडे वळवायचा, असे आम्ही ठरवले. वर्षाला थोडे पैसे जास्त लागतात, पण वाट चुकलेले गिऱ्हाईक परत येते. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ दोन्ही मोकळे होते. नोंदणी काकांच्या नावावर, वहिनींच्या ईमेलवर, त्यांच्याच कार्डाने आणि एका वेळी करता येते तेवढ्या कमाल म्हणजे दहा वर्षांसाठी केली. माझे नाव त्यात कुठेही येणार नाही याची मी काळजी घेतली.

पैसे भरण्याआधी काकांनी सिन्नरला आपल्या बहिणीला फोन लावला, पत्ता एकदाच सांगितला आणि तो लिहून अक्षर अक्षर वाचायला सांगितले. आत्याबाईंनी तेराही अक्षरे न चुकता वाचली, आणि मग विचारले, “दादा, पण ही गोदावरी कोण? आपल्या नात्यातली आहे का?”

काका म्हणाले, “हो, आपलीच.” आणि मला पैसे भरायची खूण केली.