बार्शी लाईट आणि बायकांचा डबा

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून तो मजकूर फिरून येतोच. आमची लातूर–कुर्डुवाडी नॅरोगेज इतकी हळू चालायची की माणूस पुढच्या डब्यातून उतरायचा, शेतातल्या शेंगा उपटायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. परवा कॉलेजच्या ग्रुपवर तो पुन्हा आला आणि सगळे हसून लोळायला लागले. मी लिहिलं, "उतरायची ती पोरं. आम्ही पोरी गाडीतच बसून असायचो." ग्रुप जरा वेळ गप्प. मग कुणीतरी फुलांचा फोटो टाकला.

शेंगांची गोष्ट अगदीच खोटी नाही. चढाला इंजिन फुफाटायला लागलं की पोरं खरंच खाली उड्या मारायची, गाडीबरोबर चालत बिड्या ओढायची. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात तर पावसाळ्यात सगळी झाडी इतकी जवळ यायची की खिडकीतून पानं तोडावीत. पण तिकडं आमचं जाणं लग्नकार्यापुरतं. माझी रोजची गाडी म्हणजे मुरूड ते लातूर, मधे हरंगुळ.

१९८० ते ८३ मी लातूरच्या दयानंद कॉलेजात बी.ए.ला होते आणि मुरूडहून अप-डाऊन करायचे. एसटी होती, पण वडिलांनी एसटीचं भाडं आणि रेल्वेचा महिन्याचा पास यांचा हिशेब मांडला आणि विषय संपला. पंचवीसेक किलोमीटरला तास-सव्वातास, तोही गाडीच्या मनात असलं तर. रुळांमधलं अंतर अडीच फूट, त्या मानानं डबा. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा, आणि मधल्या जागेत वांग्याच्या पाट्या, मेथीच्या जुड्या, कुणाचं तरी रडणारं लेकरू. खिडकीशी बसायला मिळालं तर वारा मिळायचा आणि डोळ्यात कोळशाचा कण जायचा. मग शेजारची बाई पदराचा बोळा करून, त्यावर तोंडानं ऊन ऊन फुंकर मारून डोळ्यावर दाबून धरायची. कोण कुणाची, विचारायचं नाही. डोळा पुढं करायचा.

ही लाईन, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आत्ताची कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच होती. लातूरला पोचायला १९११ उजाडलं. माझ्या आजीला कॅलथ्रॉप माहीत नव्हता, पण गाडीचा भूगोल तिला कुणापेक्षाही जास्त ठाऊक. ती बार्शीची लेक. माहेर इंग्रजात आणि सासर निजामात. "पांगरी सुटली की निजाम लागायचा," असं ती सांगायची. कमरेच्या पिशवीत दोन पुरचुंड्या ठेवायची म्हणे: एकीत इंग्रजांचे कलदार रुपये, दुसरीत निजामाचे हाली. माहेरी चहा कलदारचा, सासरी मीठ हालीचं. लग्नानंतर पहिल्यांदा येताना पांगरी गेल्यावर ती रडायला लागली तेव्हा सासऱ्यांनी समजूत काढली, की अगं, माती तीच आहे. "माती तीच होती, पण माणसं कुठं ती होती?" हे ती मला ऐंशीच्या घरात असताना सांगत होती.

आता मुद्द्यावर येते. गाडी हळू होती म्हणून सगळे हसतात. मला ती हळू होती म्हणूनच पाहिजे होती. घरी पाऊल टाकलं की पाणी भर, भाकरी थाप, भावाची पँट इस्त्री कर. पुस्तक घेऊन बसलं की "बसून काय राहिलीस?" गाडीत मात्र बसूनच राहायचं असतं, त्याला कोण काय म्हणणार? अर्थशास्त्राचं सगळं वाचन मी हरंगुळच्या अलीकडं-पलीकडं केलंय. शिवाय संध्याकाळी उशीर झाला तर "गाडी लेट होती" एवढं पुरायचं. मुरूडात या वाक्यावर कुणी संशय घेतला नाही, कारण ते बहुतेक वेळा खरंच असायचं. बहुतेक वेळा.

मधल्या काळात, १९८२ च्या ऑगस्टात, लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. त्याचे पेढे डब्यात वाटले गेले ते आठवतं. पुढं नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आली, लाईन वळवून उस्मानाबादवरून नेली, गावातलं लातूरचं स्टेशन बाहेर गेलं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली ती याच नव्या रुळांवरून. अडीच फुटाच्या रुळांवरून एवढं पाणी कधी पोचलं असतं कुणास ठाऊक. तेव्हा नवी लाईन वाईट असं मी म्हणणार नाही.

डब्यात एक वांगीवाली मावशी असायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला, "कुठं जायलीस गं रोज? वाचाय येतं का?" असं विचारलं आणि झंपरातून निळं आंतरदेशीय पत्र काढलं. लेक मिलिटरीत होता, पत्त्यात ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं पोस्ट. इंजिनाच्या आवाजात वाचायचं म्हणजे ओरडूनच वाचावं लागायचं, त्यामुळं त्याचं पत्र सगळ्या डब्याचं झालं. त्याला थंडीचा स्वेटर मिळाला का, सून माहेरी का बसलीय, यावर मेथीवालीपासून तिकीट नसलेल्या म्हातारीपर्यंत प्रत्येकीचं मत. उत्तर दुसऱ्या दिवशी, गाडीतच. मावशी सांगायची, बाकीच्या दुरुस्त करायच्या, मी मांडीवर वही ठेवून लिहायची. रुळाचा सांधा आला की पेन उडायचं, वळणावर ओळ खाली घसरायची.

एकदा त्याचं उत्तर आलं. मी नेहमीसारखं ओरडून वाचायला लागले: "पत्र लिहिणारणीला सांग, अक्षर सुधार. आमच्या पलटणीत तिघांनी मिळून वाचलं तरी वांग्याचा भाव कळवलाय, का बापाचं दुखणं, ते समजलं नाही." अख्खा डबा हसला. मी म्हटलं, मावशी, आता उत्तरात लिहिते, गाडी हलते म्हणून.

"ते कशाला?" मावशी म्हणाली. "पत्राला पैसे माझे गेलेत. वांग्याचा भाव लिव्ह."