काटामारी

शुक्रवार, रात्री साडेदहा

"काटा मारालीस व्हय गं?"

एवढंच म्हणाले तात्या. सकाळी सहाला, हातात तांब्या घेऊन, जाता जाता. हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर मीही हसून मोकळी झाले असते आणि आज ही वही उघडली नसती.

मी तेव्हा मोरीच्या दारात उभी राहून वजनकाटा पायानं दोन बोटं डावीकडं सरकवत होते. त्यांनी नेमकं तेच पाहिलं. दिवसभर ते वाक्य कानात आहे. ऑफिसात बिलं तपासताना, महाद्वार रोडला फॉल-बीडिंगला साडी टाकताना, भाकऱ्या थापताना. काटा मारालीस व्हय.

बाहेरच्या माणसाला यात काय लागण्यासारखं आहे ते कळणार नाही. पण काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं, आणि आमच्या घरात ही शिवी आहे. तात्यांनी उभ्या जन्मात साखर कारखान्याच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. उसाची ट्रॉली भरली की आधी पदरचे पैसे घालून बाहेरच्या काट्यावर न्यायची, मग कारखान्यावर. रात्री कंदिलाशी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचे, असं आत्ती, माझ्या सासूबाई, सांगायच्या. त्या माणसाच्या घरात, त्याच्याच डोळ्यांदेखत काटामारी करणारी निघाली कोण, तर थोरली सून.

खरं तेच लिहिते. आमची शहाबादी फरशी जुनी, कुठं उचललेली, कुठं खचलेली. फेब्रुवारीत एकदा फरशी पुसताना काटा देवघरासमोरून मोरीजवळ गेला आणि मी तिथंच उभी राहिले. आदल्या दिवशीपेक्षा सव्वा किलो कमी. इतका आनंद झाला की अंघोळ करताना गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत देवघरासमोर, आणि सव्वा किलो परत आलं. तिसऱ्या दिवशी काटा मोरीजवळ गेला तो काही आपोआप गेला नाही.

या काट्याच्या चार पायांत वजन मोजणारे तुकडे असतात. फरशी सपाट नसेल तर भार चौघांवर नीट पडत नाही आणि आकडा हलतो. हे मला माहीत होतं. काटा आणला तेव्हा त्याच्याबरोबरचा कागद मीच मोठ्यानं वाचून दाखवला होता. म्हणजे न कळून झालेली गोष्ट नाही ही. आज सकाळी तीन फरश्यांवर वजन केलं. मोरीजवळ ७३.२, देवघरासमोर ७४.४, उंबऱ्याजवळ ७५.३. आणि वहीत लिहायला पेन उचललं ते ७३.२ साठी.

मी कुणाला फसवत होते हे मला कळेना झालंय. ह्यांनी आजवर एकदाही आकडा विचारलेला नाही. वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. म्हणजे ऊस घालणारीही मीच, पावती फाडणारीही मीच, आणि कमी भरलं म्हणून आनंदानं घरी जाणारीही मीच.

संक्रांतीनंतर सुरू केलं तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर ७७.४ होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आठवड्याला अर्धा ते एक किलो, तुम्ही अर्धाच धरा. पाच टक्के उतरलं तरी साखरेला आणि बीपीला फरक पडतो. पाच टक्के म्हणजे चार किलोसुद्धा नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ६५. वैशाखातल्या लग्नापर्यंत. तीन महिन्यांत जवळजवळ साडेबारा किलो. ६५ कुठून आलं? माझ्या लग्नात मी ६५ ची होते. त्यानंतर दोन बाळंतपणं, एकोणीस वर्षं आणि किती रविवारचा पांढरा रस्सा झाला, याची वजावट कुठंच धरली नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत अडीच किलो गेलं. रोज पहाटे रंकाळा तळ्याला फेरी. चारेक किलोमीटर होतात. कडेनं चालताना मला वाटायचं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळ्यात बुडालेला संध्यामठ जसा वर येतो, तशी लग्नापर्यंत माझ्या गळ्याची हाडं वर येतील. ते पहिलं अडीच किलो बरंचसं पाणीच असतं, हे नंतर कळलं. खाणं एकदम तोडलं की शरीर साठवलेली साखर वापरतं, आणि तिच्याबरोबर तिनं धरून ठेवलेलं तिच्या तिपटीएवढं पाणी जातं. रंकाळा ओसरल्यासारखंच म्हणायचं. पाऊस पडला की परत भरणार.

तो पाऊस शिमग्याला पडला. दोन पोळ्या, कटाची आमटी, बस्स. दुसऱ्या दिवशी १.१ किलो जास्त. एवढी चरबी एका दिवसात चढायची तर आठ-साडेआठ हजार कॅलरी जादा खायला पाहिजेत, म्हणजे मी पोळ्या नाही, पुरणाचं पातेलं खाल्लं असणार. हे सगळं मला पाठ आहे. मीठ, पाणी, पोटातलं अन्न, एक-दोन किलो असंच खालीवर होत राहतं. पाठ असूनही त्या सकाळी मी मोरीत बसून रडले. आणि मग उठून काटा आणखी थोडा भिंतीकडं सरकवला.

कंटाळा आलाय खरं तर. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसानं सहाच्या आत उठावं, फेरी मारून येताना चौपाटीकडं न बघता यावं, घरच्या चौघांना गरम भाकरी वाढून आपण मोजून एक खावी, आणि एवढं करून पाच आठवडे आकडा जागचा हलू नये. धाकट्या जाऊबाई तर... जाऊ दे. एका फेरीत दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. एक मिसळ आणि ब्रेडचे दोन स्लाइस खाल्ले की त्या भरून वर उरतात. मग माणसानं जगावं कसं, तेही कोल्हापुरात?

ह्यांना सांगितलं संध्याकाळी. वाटलं, समजूत घालतील. म्हणाले, "पुढच्या ऊस परिषदेत तुझा ठराव मांडू." आणि पाच मिनिटं एकटेच हसत बसले.

जेवणं झाल्यावर तात्यांनी हाक मारली. आत जाऊन बघते तर गुऱ्हाळावरून आलेला दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, त्यांनी पोरांकडून मधल्या खोलीत आणवलेला. काटा पुढ्यात. "ठेव त्यो." आधी गूळवाल्याच्या वजनावर त्यांचा विश्वास आहे याचंच मला नवल वाटलं. मोरीजवळ ९.८. उंबऱ्याजवळ १०.१. देवघरासमोर बरोबर १०. तात्यांनी खिशातून खडू काढला (खडू कुठून आला, नातीच्या दप्तरातून असणार) आणि देवघरासमोरच्या फरशीवर काट्याच्या चारी कोपऱ्यांना खुणा केल्या. वाकायला वेळ लागला. मी करते म्हटलं तर हात झिडकारला.

"हितंच उभं ऱ्हायचं. आठवड्यातनं एकदा, सोमवारी. रोज काय ऊस घालालीस?"

मग मला काय झालं कुणास ठाऊक, हसूच आलं. तात्यांनाही आलं. सात आठवड्यांचा हिशेब खुणेच्या फरशीवर मांडला तर ७७.४ वजा ७४.४, तीन किलो. अर्धा किलो आठवड्याला म्हटलं होतं बाईंनी, त्या हिशेबानं अर्धा किलोच मागं आहे मी. एवढ्यासाठी काटामारी केली! पहिल्या पानावरचं ६५ खोडलं. लग्नापर्यंत ७२ लिहिलं, तेही पेन्सिलीनं. ब्लाउज शिंपीण उसवून देईल, शिवण आत आहे. मिसळीचा दुसरा स्लाइस सोडायचा, मिसळ नाही. फेरी आठवड्यातून पाच दिवस, सात लिहिलं की तीन होतात.

ह्या घरानं ग्रॅमचं दुःख आधीही बघितलंय म्हणा. २०२४ च्या ऑगस्टात ऑलिम्पिकात पैलवान विनेश फोगाट ५० किलोच्या फायनलआधी शंभर ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा तात्या दोन दिवस धड जेवले नव्हते. पोरगेले असताना तालमीत जायचे ते. सगळं जग नियम काय सांगतो यावर बोलत होतं आणि तात्या टीव्हीकडं बघून एकच म्हणत होते, "काटा तपासला का कुणी?"

आज गूळ उचलून ठेवला आणि मी काटा आवरायला वाकले तर म्हणाले, "थांब. माझं बी बघ की."

धोतर सावरत खुणेवर चढले. भिंतीला हात टेकला होता, तो मी काढायला सांगितला नाही. त्यांनीच काढला. ५१.२.

पावसाळ्यानंतर ते गावाकडं गेलेले नाहीत. त्यांची दवाखान्याची फाईल कपाटात वरच्या कप्प्यात आहे. सदऱ्याची कॉलर सुटल्यासारखी दिसते, ते मी धुतल्यामुळं सैल झालीय असं म्हणते.

"किती?"

मी वाकून आकडा परत वाचला, तोवर दिवा विझला होता.

"तात्या, खाली उतरा बघू. ही फरशी कमी दाखवती." काटा पायानं उंबऱ्याजवळ सरकवला. खुणेच्या बाहेर, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते बघत होते. काही बोलले नाहीत. माझ्या खांद्याला धरून चढले.

५१.८.

"बावन्न धर," म्हणाले.

वहीत बावन्न लिहिलंय.