आमची वाटचाल : फाउंड्रीतलं तर्कशास्त्र

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत वडिलांनी ही फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, उभी केली. मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं आणि निकाल लागताच भट्टीवर आलो. त्या शिक्षणाचा इथं काय उपयोग, असं अजूनही विचारतात. मला तरी तो रोज होतो.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त एक उदाहरण आहे. धूर तिथं अग्नी, हे खरं. पण अग्नी तिथं धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. ही लपलेली अट म्हणजे 'उपाधी'. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका पावसाळ्यात ब्लोहोलमुळं, म्हणजे ओतलेल्या मालात पडणाऱ्या भोकांमुळं, रिजेक्शन वाढलं. मिस्त्री म्हणाले, "मालक, रातपाळीची पोरं नवी हायती. बदला त्यास्नी." मी म्हटलं, "मामा, रातपाळीचा कोअर नसलेला जॉब बघूया." कोअर म्हणजे मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. तो कोअर नसलेला माल स्वच्छ निघाला. म्हणजे रातपाळी तिथं ब्लोहोल, हा नियमच टिकला नाही. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेले) कोअर दुपारी तयार होऊन रात्रीपर्यंत उघड्यावर पडून राहायचे आणि हवेतली ओल धरायचे. लोखंड ओतलं की त्या ओलीची वाफ व्हायची आणि कास्टिंगला भोकं पडायची. कोअर झाकून ठेवायला आणि ओतण्याआधी पुन्हा सुकवायला लागलो. पोरं कामावर राहिली, आज त्यातलेच दोघे मोल्डिंग सांभाळतात.

पुढं एक मोठी ऑर्डर आली. मोठी ऑर्डर म्हणजे मोठा नफा, असं सगळ्यांचं मत पडलं. इथली उपाधी होती वेळेवर पैसे. वीजबिल दर महिन्याला भरायचं आणि समोरचा नव्वद दिवसांची उधारी मागत होता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. आम्ही तेवढ्यावर ठाम राहिलो. ऑर्डर निम्मी झाली, पण पैसे वेळेवर आले.

तेव्हापासून मोठ्या निर्णयाआधी एकानं पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, मांडायचा, तोही समोरच्याला 'हेच माझं म्हणणं' वाटेल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मालकानं शेवटी बोलायचं, अशी पद्धत आहे. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण मालक आधी बोलला की बाकीचे मान डोलवतात.

सध्या मशिनिंग (ओतलेल्या मालाचं यंत्रावरचं कातकाम) बाहेर न देता स्वतः करायचं का, यावर चर्चा चालू आहे. यावेळी पूर्वपक्ष अकाउंट्सच्या ताईंकडे आहे आणि त्यांचे दोन मुद्दे मला अजून खोडता आलेले नाहीत.