शिरोड्याचं मीठ

रविवार रात्र, सावंतवाडी

आज शिरोड्याला जाऊन आलो. आंघोळ केली तरी अंगाला खारट वास येतोयच. प्लॅन वेळागरच्या बीचचा होता आणि बीच भारी आहे, सुरूचं बन, मऊ वाळू, मालवणएवढी गर्दी नाही, पण फोटोत दिसतं तसंच आहे सगळं, त्यावर अजून काय लिहू. डोक्यात बसलीयत ती मिठागरं.

सगळ्या गाड्या सरळ बीचवर पळतात. आम्ही खाडीच्या बाजूला वळलो आणि एकदम मोकळं झालं, एकीकडे कांदळवन, दुसरीकडे चिखलाचे बांध घातलेले चौकोनच चौकोन, काहींत नुसतं पाणी, काहींत गुलाबीसर पाणी, काहींत तळाला मीठ धरलेलं. कडेच्या चिखलात शेकाट्या पक्षी आपले लांब गुलाबी पाय टाकत फिरत होते, माणसांकडे ढुंकूनही बघत नव्हते.

तिथल्या एका काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, ऊन-वाऱ्याने आटत आटत पार दहावा हिस्सा उरला की शेवटच्या वाफ्यात मीठ बसायला लागतं. त्या वाफ्याची जमीन आधी तुडवून तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर मिठात चिखलच येणार. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते हळूच ओढून बांधावर ढीग. मी पण ओढून बघितलं, वरून सोपं वाटतं, पण ओलं मीठ भयंकर जड असतं आणि खालचा चिखल न उकरता फक्त मीठ ओढणं मला काही जमेना. काका हसत होते.

"पाऊस लवकर आला तर?" म्हटलं.
"एक सर पडली की केलला सगळा परत पाणी."

याच मिठावरून 1930 साली इथे सत्याग्रह झाला. 6 एप्रिलला दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं आणि पुढच्या महिन्यात, मे मध्ये, शिरोड्याला. मीठ करण्यावर सरकारची मक्तेदारी, वर कर, म्हणून लोक मिठागरात घुसून मीठ उचलत होते आणि लाठ्या खात होते. वि. स. खांडेकर तेव्हा इथल्याच शाळेत मास्तर होते, 1920 ते 1938. दांडी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, शिरोडा म्हटलं की मात्र लोक विचारतात बीच कसाय. मला हे पटत नाही. अजून चालू असलेलं मिठागर बघायला मिळतंय, तेही बांधावर उभं राहून, आणि आपण गाडीची काच पण खाली करत नाही.

आणि या मिठाचा आताचा उपयोग काय, तर मासे खारवायला, कैऱ्या घालायला, माडाच्या मुळात टाकायला. खायचं म्हणून विकायचं तर आयोडीन घातलेलंच लागतं, त्यामुळे हे पोत्यात, स्वस्तात. मी पुण्यात हिमालयाचं गुलाबी मीठ काचेच्या बरणीतून विकत घेतो, ते काकांना सांगायची हिंमत झाली नाही.

येताना आरवलीला वेतोबाला थांबलो. तिथे नवस फेडायला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात म्हणे. एक जोड निरखून बघितला, माझ्या पायाच्या दुप्पट असेल सहज. केळ्यांचे घडही होते, वेतोबाला केळी आवडतात.

आत्यासाठी एक पिशवी जाडं मीठ आणलंय. तिने चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं, पास केलं, आणि लगेच सुनावलं, "एवढ्यात माझ्या कैऱ्यांचा काय होतला? अर्धा पोता तरी हाडूचा होता." तर बहुतेक पावसाआधी परत जाणं आहे, या वेळी डिकी रिकामी ठेवून.