एक्स-रे नॉर्मल, तरी पाठ दुखतेच आहे

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मल्टिपल मायलोमा म्हणजे हाडातल्या मज्जेतल्या पेशींचा कर्करोग. त्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती ‘एक्स-रे नॉर्मल’ या शेऱ्याची. हाडातलं खनिज साधारण 30 ते 50 टक्के कमी होईपर्यंत साध्या एक्स-रेवर बहुधा काही दिसतच नाही. तोवर मणका आतून पोखरलेला असतो.

साठी ओलांडलेले एक काका आले होते. कित्येक महिने पाठदुखी, एक्स-रे नॉर्मल, वेदनाशामक गोळ्या चालू. हिमोग्लोबिन घसरलं, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन चढलं, तेव्हा मायलोमाची शंका आली. संपूर्ण शरीराचा लो-डोस, म्हणजे कमी किरणांचा, सीटी केला. त्याला कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून देतात त्या औषधाचं, इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे किडनीवर ताण नाही. मणक्यांत, बरगड्यांत, कमरेच्या हाडात गोल काळी भोकं होती आणि त्यांच्या काठाला पांढरी कडा नव्हती. मायलोमा हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतो आणि हाड बांधणाऱ्या पेशींना दाबून टाकतो, म्हणून ती कडा धरत नाही. नवं हाड तयार होतं तिथे उजळणारा नेहमीचा बोन स्कॅनही याच कारणाने इथे फसवतो.

2014 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मज्जेत मायलोमाचं निदान पक्कं असेल, तर सीटीवरचं 5 मिलिमीटरचं एक भोकही उपचार सुरू करायला पुरेसं असतं. एमआरआय त्याही आधीचं, हाड शाबूत असतानाचे मज्जेतले पुंजके दाखवतो. आणि पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडली, तर मणक्याचा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा. उद्यावर टाकू नका, मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो.

उपचारांनंतरच्या सीटीत भोकं तशीच होती. काकूंचा चेहरा उतरला. “औषध लागूच पडलं नाही का हो?” त्यांना मी उपचारांआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पेट-सीटी स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. पेटमध्ये जिवंत, साखर खेचणाऱ्या पेशी चमकतात. आधी कमरेचा जो मणका पेटलेला दिसत होता, तो आता विझला होता. आजार शांत झाला तरी पोखरलेलं हाड बहुतेक वेळा पूर्ववत भरून येत नाही, हे कुणीतरी त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

काही रुग्णांत मायलोमा पेटवर मुळातच चमकत नाही. म्हणून पेट स्कॅनने आजारावर लक्ष ठेवायचं असेल तर पहिला स्कॅन उपचारांआधीचा हवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला जुन्या सीडी सोबत आणायला हव्यात. नुसता कागदी रिपोर्ट आणला, तर मला तुलना करता येत नाही.